पाचवा अग्नी

“…मग सूर्याचा वाटा किती धरायचा, बुवा? तेवढं सांगा, मी उठतो.”

सोमगिरी बुवा भाकरी थापत होते. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

“कशातला वाटा?”

“पृथ्वीच्या तापातला. सगळे म्हणतात, माणसानं तापवली. कोळसा जाळला, तेल जाळलं, रानं तोडली. मी म्हणतो, पृथ्वी आपली आपण तापते आणि आपली आपण निवते. माणूस जन्मालाही आला नव्हता तेव्हा बर्फ वितळलं होतं.”

“माणूस नव्हता तेव्हा रानाला वणवेही लागायचे,” बुवा भाकरी उलटत म्हणाले. “म्हणून आज वणवा लागला तर काडीपेटी कुणाच्या खिशात आहे, ते बघायचंच नाही का?”

मुरलीधरराव भंगाळे यांनी कपाळावरचा घाम पुसला. हार मानणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता.

चाळीस वर्षं त्यांनी हवामानाच्या नोंदी तपासण्यात घालवली होती. सूर्यावरचे डाग, ज्वालामुखींची राख, समुद्राचे गरम-थंड प्रवाह… यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरुणपणी त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की जे चाललंय ते सगळं निसर्गाचं चाललंय. तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे मोजमापं सुधारली, पुरावे उलटे पडत गेले, बरोबरीची माणसं एकेक करून मत बदलून मोकळी झाली. मुरलीधरराव तिथंच उभे राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते यांना बघूनच म्हणत असावेत.

हळूहळू भाषणांची बोलावणी थांबली. पत्नी वारली. दारावरची बेल वाजायची ती दूधवाल्याची. सहासष्टाव्या वर्षी माणूस इतका एकटा पडला होता, की रेडिओवरच्या हवामानाच्या बातमीला तो मोठ्यानं उत्तर द्यायचा.

म्हणून भर वैशाखात ते सातपुड्याच्या पायथ्याची ही उघडीबोडकी टेकडी चढून आले होते. लहानपणी याच मठीच्या ओट्यावर बुवांनी त्यांना नक्षत्रं ओळखायला शिकवलं होतं. जगात एक तरी माणूस आपल्या बाजूचा असावा, एवढंच त्यांना हवं होतं.

“मृणाल कशी आहे?” बुवांनी विचारलं.

मृणाल ही त्यांची एकुलती लेक. तिनं बापाचाच विषय घेतला, आणि त्या विषयात बाप कुठं चुकला ते चारचौघांत सांगितलं.

“पौर्णिमेला परदेशी चाललीय. नवरा, लेकरू, सगळेच. पाच-सात वर्षं तरी येणार नाहीत.”

“भेटून आलास?”

“निरोप आलाय तिचा. बाबा, जायच्या आधी एकदा या. वाद नको, नुसते या…”

“मग इथं काय करून राहिलास?”

“आधी तिनं सूर्याचा वाटा कबूल करावा. मग जाईन.”

“ती सूर्याचा वाटा नाहीच म्हणते?”

“आहे म्हणते…” मुरलीधररावांचा आवाज चढला. “थोडा आहे म्हणते! थोडा!”

बुवांनी भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली. वर ठेचा ठेवला. दोघं जेवले.

हात धुवायला बाहेर आले तेव्हा मुरलीधररावांना अंगणातली शिळा दिसली. काळ्या दगडाची, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. तिच्या चार अंगांना जमिनीवर चार काळे वण होते.

“पंचाग्नी?”

“हं.”

ही त्या मठीची जुनी साधना. वैशाखात भर दुपारी साधकानं या शिळेवर बसायचं. चार दिशांना शेणाच्या गोवऱ्यांचे चार ढीग पेटवायचे. ते झाले चार अग्नी. पाचवा माथ्यावरचा सूर्य.

“अजून बसता?”

“गुडघे गेले माझे. सात वर्षं झाली, कोणी बसलं नाही.”

मुरलीधरराव शिळेभोवती एक फेरी मारून आले. चार अग्नी माणसाचे, एक आकाशाचा. इतका स्वच्छ प्रयोग त्यांना कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला नव्हता.

“मी उद्यापासून बसतो, बुवा. अकरा दिवस. कुणाचा ताप किती, मोजूनच दाखवतो. मग तुम्ही तुमच्या तोंडानं निकाल द्या. तो घेतो आणि त्याच पावली लेकीकडे जातो.”

“अकरा दिवस…” बुवांनी बोटांवर मोजलं. “पौर्णिमा तेराव्या दिवशी आहे.”

“मग वेळ आहे की.”

“आहे…” बुवा म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, “इथले नेम आठवतात?”

“सांगा.”

“आपल्या गोवऱ्या आपण वाहायच्या, आपणच पेटवायच्या. बसलेला आधी बोलल्याशिवाय त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या अग्नीला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.”

“गोवऱ्या किती?”

“झेपतील तेवढ्या. माझे गुरू एका ढिगाला पाच लावायचे. मीही पाच लावल्या.”

“मी पाचानं सुरू करतो. रोज पाच वाढवतो.”

“कशाला?”

“गोवऱ्या कितीही वाढल्या तरी ताप सूर्याचाच, हे दिसायला हवं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसले. शेजारी काठीला तापमापी टांगली, मांडीवर वही घेतली. आधी नुसत्या उन्हात पारा पाहिला. पंचेचाळीस. मग ढीग पेटवले. एक्कावन्न.

सावली वीतभर सरली तसे ते उठले आणि तडक मठीत शिरले. अंगाची लाही झाली होती, पण चेहरा पैज जिंकल्यासारखा फुलला होता.

“बुवा, सूर्य पंचेचाळीस. चारही ढीग मिळून सहा! आता बोला, मोठा कोण?”

बुवा डाळ निवडत होते.

“पंचेचाळिसात मी ऐंशी वर्षं काढली,” ते म्हणाले. “वरच्या सहानं तू एका दुपारी लाल झालास.”

मुरलीधररावांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. वहीत लिहिलं, माणसाचे सहा. खाली दोन रेघा ओढल्या. एकदा ठरलं ते ठरलं.

मग काम सोपं झालं. रोज पारा पाहायचा, त्यातून माणसाचे सहा वजा करायचे, उरेल तो सूर्य. ढीग दहा-दहा गोवऱ्यांचे झाले, मग पंधरांचे, मग विसांचे. पारा बावन्नावर गेला, त्रेपन्नावर गेला, चौथ्या दिवशी चौपन्नावर. मुरलीधरराव मान वर करून बघायचे आणि लिहायचे, सूर्य चढतोय.

पाचव्या दिवशी धुळीचं वादळ उठलं. आभाळ मातकट झालं, सूर्य जुन्या पितळी परातीसारखा मळका दिसू लागला. पारा चक्क पन्नासावर उतरला.

त्या दिवशी त्यांना कोण आनंद झाला!

“पाहिलंत? गोवऱ्या वाढल्या तरी ताप उतरला! ज्वालामुखीची राख आभाळात पसरली की पृथ्वीही अशीच वर्ष-दोन वर्षं निवते. सगळी सूत्रं वरून हलतात, बुवा.”

“आणि धूळ बसल्यावर?”

“म्हणजे?”

“आज ना उद्या ती खाली बसेल. मग?”

मुरलीधररावांनी हात झटकला. धूळ त्याच संध्याकाळी बसली. दुसऱ्या दिवशी पारा छप्पन्नावर गेला. त्यांनी लिहिलं, सूर्य चवताळलाय.

सातव्या संध्याकाळी बुवांनी वही मागून घेतली. दिव्याजवळ धरून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

“आज किती गोवऱ्या होत्या, मुरली?”

“पस्तीस.”

“चार ढिगांत मिळून?”

“एकेका ढिगात.”

“त्यांचा ताप?”

“सहा.”

“पहिल्या दिवशी पाच होत्या…”

“हो.”

“तेव्हा त्यांचा ताप?”

“सहा. ते मोजून झालंय ना, बुवा? पुन्हा पुन्हा काय मोजायचं?”

बुवांनी वही मिटली. धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची राख पुसली आणि दोन्ही हातांनी ती परत दिली.

आता कोणी म्हणेल, जन्मभर पारा बघितलेला माणूस असा कसा चुकेल? तर चुकतो. दुसऱ्याची करणी माणूस रोज मोजतो. आपली एकदाच मोजतो, आणि तीही हातचं राखून.

आठव्या दिवशी धूर फार झाला. ढिगांच्या पलीकडची मठी दिसेना, तुळस दिसेना, वाट दिसेना. दिसायचं ते फक्त डोक्यावरचं आभाळ. टेकडीवर चिटपाखरूही नव्हतं. मुरलीधररावांना वाटलं, आपण इथं बसल्या जागी संपलो तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळायचंही नाही. त्यांना बुवांचा राग आला. इतका जीव पणाला लावून माणूस आगीत बसलाय, आणि हे एकदा येऊन बघत नाहीत!

संध्याकाळी त्यांनी विचारलंच.

“दुपारी झोपता का तुम्ही, बुवा?”

“नाही.”

बुवा आणखी काही बोलतील म्हणून ते थांबले. बुवांनी उजवा हात उपरण्यात ओढून घेतला. चुलीवर डाळ रटरटत होती.

“मृणाल तीन वर्षांत आली नाही,” मुरलीधरराव एकदम म्हणाले.

“एकदाही?”

“…दोनदा आली.”

बुवांनी डाळ ढवळली.

“पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला दारातच विचारलं, सूर्याची मापं कुठून आणलीस? ती म्हणाली, उपग्रहांची आहेत. चाळीस वर्षांची आहेत. सूर्य आहे तेवढाच आहे, बाबा, आणि ताप वाढतोय. मी म्हटलं, मापं चुकली असतील.”

“आणि दुसऱ्यांदा?”

मुरलीधररावांनी मांडीवरची राख झटकली.

“दुसऱ्यांदा लेकराला घेऊन आली होती. मी म्हटलं, आधी कागद दाखव. ती उभीच राहिली… मग म्हणाली, याला झोप आलीय. आणि गेली.”

“लेकराचं नाव काय?”

“ईशान.”

नाव आठवलं, पण चेहरा काही केल्या आठवेना. मुरलीधररावांना रडू आलं. ते बुवांना दिसू नये म्हणून ते चुलीपुढे वाकले आणि जाळ सारखा करत बसले.

“उद्या बसू नकोस,” बुवा म्हणाले. “जा तिच्याकडे.”

“तीनच दिवस राहिलेत. निकाल हातात घेऊनच जाईन.”

“निकाल घेऊन…”

“रिकाम्या हातानं कसा जाऊ, बुवा? चाळीस वर्षं काय केलं म्हणून सांगू?”

बुवांनी ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. त्यांनी डाळ वाढली.

नवव्या दिवशी एकेका ढिगात पंचेचाळीस गोवऱ्या झाल्या, दहाव्या दिवशी पन्नास. मठीच्या मागची गोवऱ्यांची रास निम्म्यावर आली. मुरलीधररावांच्या ओठांना भेगा पडल्या. सकाळी शिळेवर हात ठेवावा तर ती कोमट लागायची. रात्रभर उघड्यावर पडूनही ती निवेनाशी झाली होती. त्यांनी नोंद केली, शिळेचा स्वतःचा ताप, नैसर्गिक.

अकराव्या दिवशी ढीग कमरेएवढे झाले. त्यांचे पायथे पसरत पसरत एकमेकांना भिडले. पेटल्यावर चार ढीग असे उरलेच नाहीत, आगीचं एकच कडं झालं.

ढीग आतून पेटवून मुरलीधरराव शिळेवर बसले होते. पारा साठावर गेला आणि तापमापीची पट्टीच संपली.

त्यांनी लिहायला पेन उचललं. बोटं वळेनात. जीभ टाळ्याला चिकटली होती. वही मांडीवरून घसरून जमिनीवर पडली, ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. परवा पौर्णिमा, एवढंच डोक्यात फिरत होतं. सामान बांधून झालं असेल. लेकरू घरभर पळत असेल. कुणी तरी विचारलं असेल, आजोबा येणार आहेत का? आणि कुणी तरी काहीतरी उत्तर दिलं असेल…

“पुरे कर!” ते सूर्याकडे बघून ओरडले. “पुरे कर आता!”

सूर्य जिथं होता तिथंच होता.

मुरलीधरराव एका हातावर रेलले. शिळेनं तळवा पोळला, तसा त्यांनी हात ओढून घेतला. आयुष्यात इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं. बायको गेली त्या दिवशीही नाही. त्या दिवशी घरात मृणाल होती.

“पाणी…” ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वारा फिरला. धुराचा लोट एका बाजूला कलला.

कड्याच्या पलीकडे सोमगिरी बुवा उभे होते. अनवाणी. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता. काही फोड आजचे होते. काही जुने होते, वाळून काळे पडलेले.

मुरलीधररावांना ते फोड दिसले, की नुसता तांब्याच दिसला, कोण जाणे.

“आता आलात?” त्यांचा घसा फाटला. “अकरा दिवस मी इथं एकटा जळतोय, बुवा! तुम्ही आला नाहीत… तीही येत नाही… माझ्याकडे कुणीच येत नाही!”

बुवांनी तांब्या सावरून धरला.

“सूर्यानं जीव घ्यायचा बाकी ठेवलाय माझा… या ना आत. पाणी द्या.”

बुवांनी पाऊल पुढे टाकलं. जाळ उसळला. त्यांनी तांब्याचा हात लांब केला, जितका जाईल तितका केला. तो आगीवरून निम्म्यातही पोचला नाही. कातडीचा वास आला. बुवांनी हात मागे घेतला, पण तांब्यातलं पाणी सांडू दिलं नाही.

मुरलीधररावांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. त्यांनी पूर्वेचा ढीग पाहिला, मग दक्षिणेचा. मग बाकीचे दोन. एकेक गोवरी त्यांनी स्वतः वाहून आणली होती.

“बुवा…” त्यांचा आवाज अगदी लहान झाला. “खरं सांगा. यात सूर्याचा वाटा किती? आणि माझा किती?”

सोमगिरी बुवांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

“ऊन ओलांडून मी रोज येतो, मुरली. अडतो तो तुझ्या ढिगांपाशी.”